मॅरेथॉनचं नाणं की फॅरोसचं?

ग्रीक वारशाचं एकच नाणं घ्यायचं असेल, तर माझ्या मते निवड या दोघांतून करावी.

पहिलं ग्रीसचं २०१० चं दोन युरोचं. अथेन्स आणि पर्शिया यांच्यातल्या मॅरेथॉनच्या लढाईला २५०० वर्षं झाली म्हणून काढलेलं. ८.५ ग्रॅम वजन, २५.७५ मिमी व्यास, ढालीवर धावता योद्धा. स्वस्त, सहज मिळणारं आणि आजही युरो चलनाच्या देशांत चालणारं. फक्त हिशोब थोडा चुकलाय: लढाई इ.स.पू. ४९० ची आणि शून्य साल नसतंच, म्हणजे २०१० ला २४९९ वर्षंच भरतात!

दुसरं इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया या ग्रीक वळणाच्या शहरात रोमन सम्राट हेड्रियनच्या काळात (इ.स. ११७–१३८) पाडलेलं कांस्य द्राख्मा, म्हणजे ग्रीक पद्धतीचं नाणं. हे खास स्मारक म्हणून काढलेलं नव्हे, रोजच्या व्यवहारातलं. पण त्यावर फॅरोस बेटावरचं दीपगृह आहे आणि शेजारी वाऱ्याने फुगलेलं शीड धरून उभी असलेली इसिस देवी. मनोऱ्याच्या कोपऱ्यांवर शंख फुंकणारे ट्रायटन (ग्रीक पुराणातले अर्धे माणूस, अर्धे मासे असे समुद्रदेव), माथ्यावर पुतळा. भूकंपांनी दीपगृह कोसळलं, पंधराव्या शतकात त्याच जागी काइतबे किल्ला उभा राहिला. मूळ मनोरा कसा दिसत होता, हे सांगणारे मोजके पुरावे उरलेत, त्यांत ही नाणी येतात. साल मात्र आकड्यात शोधू नका. 'एल'सारखी खूण आणि पुढे ग्रीक अक्षरं, त्यावरून सम्राटाच्या राज्यकाळाचं कितवं वर्ष ते कळतं.

महाग आहे, नकलाही भरपूर, त्यामुळे कागदपत्रांशिवाय हात लावू नये. तरी माझा कौल यालाच, मग ट्रायटन झिजून नुसते टेंगूळ उरले असले तरी चालेल. युरो भाच्याला द्यायला उत्तम.