फोनमधलं फोल्डर ऑफिसात पोचेना: फोल्डरसिंक, द्राक्षाच्या एका हंगामानंतर

आधी निकाल सांगतो. अँड्रॉइड फोनमधलं एखादं फोल्डर आणि ऑफिसच्या संगणकातलं फोल्डर आपोआप एकसारखं राहावं एवढीच गरज असेल, तर मोठ्या कंपन्यांच्या क्लाउड ॲपच्या सेटिंगमध्ये तासन्‌तास बोटं घासू नका. ते बटण तिथे मुळात दिलेलंच नसतं. आम्ही क्लाउड तोच ठेवला आणि फोनवर फोल्डरसिंक नावाचं वेगळं ॲप टाकलं. ऑक्टोबर छाटणीपासून एप्रिलच्या खरड छाटणीपर्यंत काम त्यावर निघालं. पाचपैकी चार तारे. एक का कापला, ते पुढे येईलच.

आमचं नाशिकच्या गंगापूर रोडला छोटं ऑफिस आहे, युरोपला जाणाऱ्या द्राक्षांची कागदपत्रं करून देतो. ग्रेपनेटसाठी (निर्यातीच्या द्राक्षबागांची सरकारी ऑनलाइन नोंद) प्लॉटची नोंदणी, फवारणीच्या नोंदी, रेसिड्यूचे म्हणजे द्राक्षात उरलेल्या औषधाच्या अंशाचे रिपोर्ट, सातबारे, सगळा कागदी कारभार. फिल्डवरची मुलं दिंडोरी, मोहाडी, पिंपळगाव, निफाड या पट्ट्यात फिरतात, फवारणीच्या वहीची पानं फोनवर स्कॅन करतात, घडांचे फोटो काढतात. पॅकहाउसवाल्याला हे कागद कधी आठवतात? कंटेनर भरायच्या आदल्या रात्री. तेव्हा इकडून फोन, "फाइल आली नाही," तिकडून उत्तर, "सर, सकाळीच टाकलीय की!" आणि दोघंही खरंच बोलत असायचे. फाइल फोनच्या फोल्डरमध्ये होती, क्लाउडवर गेलीच नव्हती.

क्लाउड एका मोठ्या कंपनीचा, पैसे भरून घेतलेला. नाव घेत नाही. मदतकेंद्राला विचारलं तर कॅशे साफ करा, ॲप काढून परत टाका, हेच पालुपद. फोनवरच्या त्यांच्या ॲपमध्ये फोल्डर सिंक होतच नाही, म्हणजे दोन्हीकडे आपोआप एकसारखं राहत नाही, हे एका ओळीत सांगितलं असतं तर आमचा पाठपुरावा तरी वाचला असता.

खरी गोम अशी की एकाच नावाचं संगणकावरचं ॲप आणि फोनवरचं ॲप यांची कामं वेगवेगळी आहेत. गूगल ड्राइव्हचं उदाहरण घ्या. संगणकावर त्यात दोन पर्याय मिळतात, स्ट्रीम आणि मिरर. स्ट्रीममध्ये फाइली नेटवरच राहतात आणि उघडल्या की उतरतात, मिररमध्ये त्या खरोखर हार्ड डिस्कवर असतात आणि दोन्हीकडचे बदल एकमेकांकडे जातात. अँड्रॉइडवर मात्र फाइल हाताने अपलोड करायची किंवा क्लाउडवरची फाइल ऑफलाइन ठेवायची, इतपतच. वनड्राइव्ह आणि ड्रॉपबॉक्स कॅमेऱ्याचे फोटो आपोआप वर चढवतात, पण तो एकेरी रस्ता. स्कॅनिंगच्या ॲपने वेगळ्या फोल्डरमध्ये बनवलेली पीडीएफ त्यात येत नाही. आमची निम्मी फिल्डवरची कागदपत्रं नेमकी तीच.

यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ या गोंधळात भर घालतात. गूगलने फोटोज आणि ड्राइव्ह यांच्यातलं आपोआप सिंक जुलै २०१९ मध्ये बंद केलं. 'बॅकअप अँड सिंक' हे संगणकावरचं जुनं ॲप २०२१ मध्ये जाऊन त्याजागी 'ड्राइव्ह फॉर डेस्कटॉप' आलं. व्हिडिओत मात्र जुना मेनू तसाच दिसतो आणि आपण आपल्या स्क्रीनवर नसलेली टिकमार्कची चौकट शोधत बसतो. त्यामुळे व्हिडिओची तारीख आधी बघायची, मग सल्ला ऐकायचा.

संगणकाच्या बाजूलाही फाइल दिसत नाही अशा तक्रारी येतात, पण त्यांची कारणं निराळी. सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं कारण म्हणजे दुसऱ्याने शेअर केलेलं फोल्डर. गूगल ड्राइव्हमध्ये 'शेअर्ड विथ मी'मधलं फोल्डर संगणकावर आपणहून उतरत नाही, आधी वेबवर जाऊन त्याचा शॉर्टकट 'माय ड्राइव्ह'मध्ये टाकावा लागतो. वनड्राइव्हलाही तसाच शॉर्टकट लागतो. दुसरं, संगणकात दोन खाती असतात आणि ॲप भलत्याच खात्याने लॉगिन असतं. तिसरं गमतीचं आहे. फाइलच्या आयकॉनवर येणारी छोटी हिरवी टिक गायब झाली म्हणून आमच्या अकाउंटंट ताई हवालदिल झाल्या होत्या. विंडोजमध्ये अशा खुणांसाठी जागा मोजक्याच, १५. दोन-तीन क्लाउड ॲप आणि आणखी काही सॉफ्टवेअर एकत्र आली की ज्याचा नंबर मागे त्याची खूण दिसत नाही. सिंक आतून व्यवस्थित चालू असतं. म्हणून टिक बघून घाबरण्याऐवजी टास्कबारवरच्या ॲपच्या चिन्हावर क्लिक करून तिथली स्थिती वाचावी.

स्ट्रीमवर किंवा वनड्राइव्हच्या निळ्या ढगावर विसंबून राहू नका, हे मात्र ठासून सांगेन. निळा ढग म्हणजे फाइल फक्त नेटवर आहे. रस्ता खोदताना फायबर तुटली की नावं सगळी दिसतात, उघडत एकही नाही. हंगामात लागणाऱ्या फोल्डरवर राइट क्लिक करून ते कायम संगणकावर ठेवायचा पर्याय निवडून टाका.

आता नावांचा घोळ, आणि हा खास आपल्या लोकांसाठी. वेबवर कोणीतरी फोल्डरचं नाव ठेवतं '७/१२ उतारे'. विंडोजमध्ये फाइलच्या किंवा फोल्डरच्या नावात तिरपी रेघ चालतच नाही, तशीच विसर्गासारखी दिसणारी दोन टिंबं किंवा प्रश्नचिन्हही नाही. काही ॲप ती रेघ गुपचूप बदलतात, काही ते फोल्डरच बाजूला ठेवतात. आम्ही सरळ 'सातबारा' असं अक्षरी लिहायला लागलो.

दुसरी भानगड लांबीची. अँड्रॉइडमध्ये फाइलच्या नावाला २५५ बाइटची (बाइट म्हणजे साठवणुकीचं छोटं माप) मर्यादा आहे आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही सगळी वेगळी चिन्हं धरली जातात. 'नाशिक' या शब्दात न, काना, श, वेलांटी, क अशी ५ चिन्हं, म्हणजे १५ बाइट. तोच शब्द रोमन लिपीत ६ बाइटमध्ये मावतो. हिशेब केला तर मराठी नाव जेमतेम ८५ चिन्हांचं ठेवता येतं. विंडोज मात्र चिन्हं मोजतं, बाइट नाही, त्यामुळे तिथे तेच नाव आरामात बसतं. ऑफिसात कुणी गाव, गट नंबर, शेतकऱ्याचं पूर्ण नाव, वाण आणि छाटणीची तारीख असं सगळं नावातच कोंबलं, तर ती फाइल संगणकावर दिसते, क्लाउडवर दिसते आणि फोनवर उतरायला नकार देते. मदतकेंद्राच्या कुठल्याही उत्तरात हे आलं नाही. फोल्डरसिंकच्या इतिहासात प्रत्येक फाइलची नोंद राहते, त्यात पुन्हा पुन्हा अडकणारी नावं एकाखाली एक लावून बघितली तेव्हा सगळी लांबलचक मराठीच निघाली. तेव्हापासून नाव आखूड: गाव, गट नंबर, तारीख. बाकीचं फाइलच्या पोटात.

फोल्डरसिंक बसवणं अवघड नाही. क्लाउडच्या खात्याने लॉगिन करायचं, फोनमधलं एक आणि क्लाउडवरचं एक अशा दोन फोल्डरची जोडी लावायची, दिशा ठरवायची आणि वेळापत्रक द्यायचं. दिशा ठरवताना घाई करू नका. फोटोंसाठी आम्ही फोनकडून क्लाउडकडे अशी एकेरी ठेवली आणि खोडलेलं तिकडेही खोडायचा पर्याय बंद केला. कारण उघड आहे: फोन भरला की मुलं गॅलरी साफ करतात, आणि दुहेरी सिंकमध्ये ती साफसफाई ऑफिसपर्यंत पोचते. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल ३० दिवस राहते, पण फवारणीची नोंद दोन महिन्यांनी मागितली तर काय दाखवणार? दुहेरी सिंक आहे फक्त कोऱ्या फॉर्मच्या आणि याद्यांच्या छोट्या फोल्डरला. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा चालू डेटा तर सिंकच्या फोल्डरमध्ये ठेवूच नका. उघडी असलेली डेटा फाइल अर्धवट कॉपी होऊन बसते. त्याचा बॅकअप वेगळा घ्यावा.

फोनची बॅटरी वाचवण्याची व्यवस्था हा या ॲपचा खरा शत्रू. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, पडून राहिलेल्या फोनमध्ये मागे चालणारी ॲप झोपवली जातात. त्यात काही फोन कंपन्या स्वतःची आणखी कडक व्यवस्था घालतात. आमच्या एका मुलाच्या फोनवर रात्रीचं सिंक हमखास बंद पडायचं. बॅटरीच्या सेटिंगमध्ये ॲपला 'अनरिस्ट्रिक्टेड' केलं, ऑटोस्टार्ट चालू केलं, तेव्हा गाडी मार्गी लागली. अँड्रॉइड ११ पासून सगळ्या फाइली वाचायची परवानगीही स्वतंत्र द्यावी लागते, ती नसेल तर फोल्डर रिकामंच दिसतं.

शेतकरी व्हॉट्सॲपवर पाठवतात ते फोटोही यातूनच ओढता येतात. आता ते 'अँड्रॉइड' फोल्डरमधल्या 'मीडिया'त असतात, जुन्या जागी शोधू नका. पण फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रातून ठिकाणाची माहिती निघून जाते आणि दर्जाही उतरतो. प्लॉटचा पुरावा म्हणून हवा असेल तर, "दादा, डॉक्युमेंट म्हणून टाका," असं सांगायला लागतं. रोज सांगायला लागतं.

कापलेल्या ताऱ्याचं आता. फोनवर नवी फाइल आली की हे ॲप लगेच उचलू शकतं, पण क्लाउडवर झालेला बदल वेळापत्रकाची वेळ आल्यावरच कळतो. ऑफिसने यादी दुरुस्त केली तरी फिल्डवरच्या मुलाला तासभर जुनीच दिसते. वेळ कमी केली की बॅटरी खातं. दुसरं, मध्येच क्लाउडचं लॉगिन सुटतं आणि पुन्हा करावं लागतं. सूचना येते, पण फिल्डवर सूचना कोण वाचतंय? फुकट आवृत्तीत जाहिराती आहेत. आम्ही विकतची घेतली, त्याचा पश्चात्ताप नाही.

फोन आणि संगणक थेट एकमेकांशी सिंक करणारं सिंकथिंगही बघितलं. मधे क्लाउडच नको असेल तर उत्तम, मोफत आणि मुक्तस्रोत. पण फोन आणि संगणक एकाच वेळी चालू लागतात आणि आमचा संगणक संध्याकाळी बंद होतो. शिवाय अँड्रॉइडचं मूळ अधिकृत ॲप डिसेंबर २०२४ मध्ये थांबलं, आता लोक त्याची फोर्क आवृत्ती, म्हणजे त्याच कोडवरून दुसऱ्यांनी पुढे चालवलेली, वापरतात.

आयफोनवाल्यांसाठी माझ्याकडे चांगली बातमी नाही. ॲपल मागे चालणाऱ्या ॲपला इतकी मोकळीक देत नाही. आमच्याकडे नवीन आलेला मुलगा आयफोन घेऊन फिरतो. तो संध्याकाळी ऑफिसच्या वायफायला बसून क्लाउडचं ॲप उघडतो, दिवसभराच्या फाइली निवडतो आणि अपलोड संपेपर्यंत स्क्रीन चालू ठेवतो. पुढच्या हंगामाआधी त्याला फिल्डसाठी एक साधा अँड्रॉइड फोन घेऊन देणार आहोत.