सेरामपूरचा घरबसल्या डिप्लोमा, दहा महिन्यांनंतर (आणि नाही, ते आपलं श्रीरामपूर नाही)

आधीच सांगतो, मी पाळक (चर्चचा पास्टर) नाही आणि होणारपण नाही. नगरला नोकरी करतो (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच येतं), रविवारी मंडळीत (म्हणजे आमच्या चर्चमध्ये) शब्बाथ शाळेचा, म्हणजे रविवारच्या बायबलच्या शाळेचा, मोठ्या पोरांचा वर्ग घेतो, आणि गेले दहा महिने सिनेट ऑफ सेरामपूर कॉलेजचा डिप्लोमा इन ख्रिश्चन स्टडीज घरून करतोय. मंडळीतल्या बऱ्याच जणांनी विचारलं की कसाय, खरा असतो का, आपल्याला झेपेल का, प्रत्येकाला वेगळं सांगून तोंड दुखलं म्हणून एकदाच लिहितो. लांब होणारे, चहा घेऊन बसा.

पहिला गोंधळ नावाचा. सेरामपूर म्हणजे बंगालमधलं, हुगळी नदीच्या काठचं, कलकत्त्याच्या वर पंचवीसेक किलोमीटर. पण बंगाली लोक त्या गावाला श्रीरामपूरच म्हणतात, आणि आपल्या जिल्ह्यात श्रीरामपूर आहेच की! त्यामुळे मी ऑफिसात सांगितलं की श्रीरामपूरचा कोर्स करतोय तर साहेब म्हणाले अरे मग रोज यष्टीनं जाऊन येऊन कर की, तासा-दीड तासाचं तर अंतर आहे. हसू नका, मी स्वतः पहिलं पाकीट पाठवताना शहाणपणा करून पत्त्यात श्रीरामपूर लिहिलं, पिनकोडचा एक आकडा गिचमिड झाला, आणि कुरिअरवाल्यानं सरळ ते आपल्या साखर कारखान्यांच्या श्रीरामपूरला नेऊन टाकलं. नऊ दिवसांनी परत आलं. चूक माझीच. तेव्हापासून सेरामपूर, हुगळी, पश्चिम बंगाल असं ठळक अक्षरात लिहितो.

आता मी इकडं वळलो कसा ते. चार वर्षांपूर्वी मी एका ऑनलाइन बायबल कॉलेजात पैसे घालवले, नाव घेत नाही. सहा आठवड्यांत बॅचलर, आणखी थोडे भरले तर मास्टर, पुढं डॉक्टर. सर्टिफिकेट आलं ते बघण्यासारखं होतं, सोनेरी शिक्का, त्यावर गरुड, खाली कुणाचीतरी झोकदार सही. बायकोनं फ्रेम केलं. मी मोठ्या हौसेनं आमच्या पाळकसाहेबांना दाखवलं, त्यांनी चष्मा काढून, पुसून, परत लावून बघितलं आणि एवढंच विचारलं, "भाऊ, ही डिग्री द्यायचा अधिकार यांना कोणी दिला?" मला काही सांगता येईना. फ्रेम आता माळ्यावर आहे.

पाळकसाहेबांनी स्वतः पुण्याला बिबवेवाडीत यूबीएसमधून बीडी (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, पाळकांची डिग्री) केलेली, यूबीएस म्हणजे युनियन बिब्लिकल सेमिनरी, ती आधी यवतमाळला होती आणि १९८३ ला पुण्यात आली. मी समजत होतो डिग्रीपण यूबीएसचीच असते. तर नाही. शिकवतं यूबीएस, डिग्री देतं सेरामपूर. असं देशभर आहे, बंगलोरचं युनायटेड थिऑलॉजिकल (थिऑलॉजी म्हणजे धर्मशास्त्र) कॉलेज, कलकत्त्याचं बिशप्स कॉलेज, पन्नासच्या वर कॉलेजं आणि सगळ्यांची डिग्री एका सिनेटची. म्हणजे स्वतःचं आवार एवढंसं आणि पसारा ईशान्येपासून केरळापर्यंत. बीटीएच, बीडी, एमटीएच, डॉक्टरेट हे कॉलेजात राहून करणाऱ्यांचं, आणि माझ्यासारख्या नोकरी-संसारवाल्यांना घरून करायला हा डिप्लोमा आणि त्याच्यावर बीसीएस म्हणजे बॅचलर ऑफ ख्रिश्चन स्टडीज.

मग मी पाळकसाहेबांचाच प्रश्न यांना लावला. तुम्हाला अधिकार कोणी दिला? आणि उत्तर निघालं डेन्मार्कचा राजा! मला वाटलं हेपण गरुडवालंच प्रकरण दिसतंय. पण नाही, गोष्ट खरी आणि भारी आहे.

विल्यम कॅरी मूळचा इंग्लंडातला जोडे शिवणारा माणूस, १७९३ ला बंगालात आला. ईस्ट इंडिया कंपनीला तेव्हा मिशनरी नको होते, धंद्यात खोळंबा होईल म्हणून. त्यामुळे १७९९ मध्ये जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड हे मागून आले ते कंपनीच्या हद्दीत न जाता सेरामपूरलाच थांबले, कारण ते गाव डॅनिश लोकांचं होतं, फ्रेडरिक्सनगर नावाचं. १० जानेवारी १८०० ला कॅरी त्यांना येऊन मिळाला. एक भाषावाला, एक मास्तर, एक छापखान्यातला. छापखाना टाकला, शाळा काढल्या, आणि १८१८ ला कॉलेज. जाहीरनाम्यातच लिहिलं होतं की आशियातल्या ख्रिस्ती आणि इतर मुलांना पूर्वेकडचं साहित्य आणि युरोपातलं विज्ञान शिकवायचं. "आणि इतर" हे दोन शब्द बघा. पहिली ३७ पोरं आली त्यातली निम्मी ख्रिस्ती, बाकी नाहीत. पुढं १८३३ च्या नियमांत स्पष्टच घातलं की जात, रंग, देश यांवरून कुणाला प्रवेश नाकारायचा नाही. १८३३! आपल्याकडं तेव्हा जोतीराव सहा वर्षांचे होते.

तर चार्टर. मार्शमन स्वतः कोपनहेगनला गेला आणि २३ फेब्रुवारी १८२७ ला राजा सहावा फ्रेडरिक याच्याकडून सनद आणली, कोपनहेगन आणि कील विद्यापीठांसारखे डिग्री द्यायचे अधिकार. मुंबई-कलकत्ता-मद्रास विद्यापीठं १८५७ ची, म्हणजे ही त्यांच्या तीस वर्षं आधीची. १८४५ ला डॅनिश लोकांनी तमिळनाडूतलं ट्रँकेबार आणि सेरामपूर मिळून साडेबारा लाखांना इंग्रजांना विकून टाकलं, पण करारातच घातलं की कॉलेजचे हक्क तसेच राहतील. गाव विकलं, सनद नाही विकली. नंतर १९१८ मध्ये बंगाल सरकारनं कायदाच केला, सेरामपूर कॉलेज ॲक्ट, त्यातून सिनेट आली आणि कारभार एकट्या बॅप्टिस्टांचा (कॅरीच्या पंथाचा) न राहता सगळ्या पंथांचा झाला. म्हणजे राजाची सनद वर कायद्याचा शिक्का. पाळकसाहेबांच्या प्रश्नाला याच्यापेक्षा पक्कं उत्तर मला तरी माहीत नाही.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, अधिकार मिळाला १८२७ ला आणि पहिली बीडी दिली १९१५ ला. अठ्ठ्याऐंशी वर्षं! मधे तर कॉलेजचा आर्ट्स विभाग १८८३ ला बंदपण पडलेला, जॉर्ज हॉवेल्स म्हणून प्रिन्सिपल आले त्यांनी १९१० च्या सुमारास परत उभं केलं. आमचे गरुडवाले सहा आठवड्यांत डॉक्टर करतात, यांनी सनद कपाटात ठेवून अठ्ठ्याऐंशी वर्षं कुणाला कागद दिला नाही.

आजही आवारात दोन कारभार आहेत हे लक्षात ठेवा, नवीन लोक इथंच गोंधळतात. बीए, बीएस्सी, बीकॉम हे कलकत्ता विद्यापीठाचं, तिथं आसपासची सगळ्या धर्मांची पोरं शिकतात. फक्त थिऑलॉजीची डिग्री सेरामपूरची स्वतःची. एक गेट, दोन विद्यापीठं.

आता अभ्यासाचं. मी समजत होतो की बायबल चाळीस वर्षं वाचतोय, आपल्याला काय अवघड. जुन्या कराराच्या (बायबलचा पहिला भाग) पहिल्याच पेपराला जमिनीवर आलो. त्यातलं पहिलं पुस्तक उत्पत्ती, त्याच्या पहिल्या अध्यायात निर्मितीचा एक वृत्तान्त आणि दुसऱ्यात दुसरा, क्रम वेगळा, देवाचं नावसुद्धा वेगळं, हे मी आयुष्यभर वाचलं होतं आणि कधी दिसलंच नव्हतं. दोन रात्री झोप नाही लागली. विश्वास जातोय का काय असं झालं, मग हळूहळू कळलं की पुस्तक तेच आहे, आपण घाईत वाचत होतो. पण ज्यांना फक्त पाठांतर आणि आमेन पाहिजे त्यांनी या वाटेला जाऊ नये, खरं सांगतो, त्रास होईल.

ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासाच्या पेपरात केरळचे सिरियन ख्रिस्ती आले, आपण मिशनऱ्यांपासून मोजतो तर ते लोक शेकडो वर्षं आधीपासून इथं होते. आणि मग दलित थिऑलॉजी. हे वाचताना मी थांबलो. आमचं घराणं चार पिढ्यांमागं बाटलं (हाच शब्द गावात वापरायचे), अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ ला नगरला आले आणि त्यांच्याकडं आलेले बहुतेक महारवाड्या-मांगवाड्यातले. घरी याबद्दल कुणी बोलत नाही. आजी म्हणायची आपण ख्रिस्ती, संपलं. आणि इथं पुस्तकात लिहिलेलं की तुझ्या आज्याच्या अंगावरचं जे दुःख आहे तिथूनच देवाबद्दल विचार सुरू कर, ते लपवू नको. मी तो असाइनमेंट तीनदा लिहिला. पहिल्यांदा पुस्तकी, दुसऱ्यांदा रागानं, तिसऱ्यांदा आजीबद्दल. तिसरा पाठवला.

माझी अडचण इंग्रजीची. वाचायला जमतं, लिहायला नाही. मी आधी मराठीत लिहितो, मग रात्री बसून इंग्रजी करतो, पोरगी दहावीला आहे ती व्याकरण तपासते आणि वर ओरडते. दुप्पट वेळ धरूनच चाला. एकट्यानं करू नका, आमच्या मंडळीतल्या एक मावशी, रिटायर्ड नर्स, त्यांनीपण घेतलाय, आम्ही गुरुवारी चर्चच्या व्हरांड्यात बसतो, त्या माझ्यापेक्षा दोन पेपर पुढं आहेत.

आणि भाषेवरूनच आता मराठीवाल्यांसाठी खास. ते कॉलेज उभं करणाऱ्या लोकांनी आपल्या मराठीसाठी काय केलं हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. कॅरी कलकत्त्याला कंपनीच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली-संस्कृतबरोबर मराठीपण शिकवायचा. १८०५ ला त्यानं मराठीचं व्याकरण छापलं, मागं रोजच्या बोलण्यातले संवाद जोडले. १८१० ला मराठी-इंग्रजी कोश, हाताशी वैजनाथ पंडित. १८११ ला मराठी नवा करार (बायबलचा दुसरा भाग). आणि कोश छापला मोडीत! मोडीचे टाइप पाडून! बंगालात, हुगळीच्या काठी, आपल्याकडं पेशवाई चालू असताना.

त्या कोशाची स्कॅन कॉपी मिळाली ती मी सासऱ्यांना दाखवली. आमचे मामा भूमी अभिलेखमधून रिटायर झालेले, मोडीत आयुष्य गेलं त्यांचं. टॅब हातात घेतला, बोटानं मोठं केलं, म्हणाले, "पाव्हणं, अक्षर बरोबर हाय पण सुटं सुटं हाय. मोडी अशी नसती, लेखणी न उचलता वढायची असती." मग छापायचं म्हणजे खिळा सुटाच पडणार हे त्यांचं त्यांनाच उमगलं आणि तासभर टॅब परत मिळाला नाही.

जानेवारीत एका लग्नाला कलकत्त्याला जायचं झालं तर एक दिवस काढून सेरामपूरला जाऊन आलो. हावड्याहून लोकल, गर्दी आपल्या डोंबिवलीसारखी. कॉलेजची इमारत नदीकडं तोंड करून, उंच उंच खांब, लोखंडी जिना आणि गेट डेन्मार्कच्या राजानं भेट दिलेलं असं सांगतात. पलीकडच्या काठाला बराकपूर, म्हणजे इंग्रजांचं. नदी मोठी आहे पण पलीकडचं दिसतं, कंपनीचा अंमल तिथवर आणि इकडं हे लोक निवांत पुस्तकं छापत बसलेले, हे तिथं उभं राहिल्यावर समजलं. १८१२ ला छापखान्याला आग लागून टाइप, कागद, हस्तलिखितं जळाली तरी परत उभा केला. सेंट ओलाव्ह चर्च १८०६ चं, पडायला आलेलं, दुरुस्त केलं त्याला २०१६ ला युनेस्कोचं बक्षीस मिळालंय. डॅनिश काळातली खाणावळ, डेन्मार्क टॅव्हर्न, तिचापण आता कॅफे केलाय, तिथं चहा घेतला, बरा होता, महाग होता. कॅरीची कबर गावातच आहे, ९ जून १८३४ ला गेला तो. मी तिथं दोन मिनिटं उभा राहिलो, बायको फोटो काढत होती, मला काही प्रार्थना सुचली नाही, व्याकरणाचंच आठवत होतं.

घ्यावा का? शब्बाथ शाळा घेणारे, वडीलमंडळी, तरुण संघ चालवणारे, ज्यांना रोज तासभर वाचायची तयारी आहे त्यांनी जरूर घ्या. पगारवाढ होईल, नावापुढं काहीतरी लागेल म्हणून घेणार असाल तर सोडा. आणि कुठलाही कोर्स घ्या, पैसे भरायच्या आधी पाळकसाहेबांचा प्रश्न विचारा, लेखी उत्तर मागा.

माझे अजून निम्मे पेपर बाकी आहेत, पुढचा भारतातल्या धर्मांचा आहे. मामांनी त्याच्यात काडीचा रस घेतला नाही. त्यांना फक्त एवढंच पाहिजे की तो १८११ चा मराठी नवा करार कुठं मिळतो का बघ, डोळे आहेत तोवर एकदा वाचतो म्हणाले. कुणाकडं चांगली स्कॅन असेल तर सांगा.