जुन्या विंचेस्टर ९४ साठी टँग पीप साइट: घ्याच!

.३०-३० काडतुसाची जुनी लिव्हर-अॅक्शन (खालचा दांडा ओढून भरायची) विंचेस्टर रायफल आहे, १९६४ च्या आधीची, आणि तिच्यावर स्कोप बसवायचा विचारच नव्हता कारण काडतुसाचं रिकामं कवच वरूनच बाहेर उडतं, मधे स्कोप आला की अडलंच. म्हणून टँग साइट घेतली, म्हणजे टँगवर (दस्त्याच्या वरच्या, मागच्या धातूच्या पट्टीवर) बसणारी, बारीक छिद्रातून नेम धरायची साइट. टँगवरचं भोक कारखान्यातूनच होतं त्यामुळे ड्रिल लावावं लागलं नाही, आणि प्लीज कोणी लावूही नका, अँटिकची किंमत तिथेच घसरते.

फरक जबरदस्त आहे. बॅरलवरची नेम धरायची मूळ खाच वयोमानाने धूसर दिसायची, आता छिद्रातून नुसतं बघायचं, नळीच्या टोकावरचा नेमाचा मणी आपोआप मधे येतो. सेट करताना मागची साइट जिकडे सरकवाल तिकडेच गोळी जाते, पुढची मात्र उलट.

खटकलं ते एवढंच की अंगठा दस्त्याच्या बारीक भागावरून (रायफलच्या ‘मनगटावरून’) पलीकडे टाकायची सवय असेल तर साइट आडवी येते, आणि स्क्रू सुरुवातीला सैल होतात, तेव्हा थोडं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावा. डोळा फार जवळ नेऊ नका, झटका बसतो. आणि ट्यूब मॅगझिनमध्ये (नळीत काडतुसं एकामागे एक राहतात) चपट्या टोकाच्याच गोळ्या, टोकदार अजिबात नाही, पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर (ठोका बसला की काडतूस पेटवणाऱ्या टोपीवर) टोक टेकतं. पाचपैकी साडेचार स्टार.