आठ महिन्यांनंतरचा फ्लॅगशिप: पुढच्या मॉडेलमध्ये काय बदलायला हवं

५००० एमएएच बॅटरी, ६.८ इंची एलटीपीओ (गरजेनुसार रिफ्रेशचा वेग बदलून वीज वाचवणारा) पडदा, १२ जीबी रॅम आणि १/१.३ इंची सेन्सरचा मुख्य कॅमेरा. सध्याचा कुठलाही मोठा फ्लॅगशिप, म्हणजे कंपनीचा सगळ्यात वरचा फोन, घ्या, थोड्याफार फरकाने हेच आकडे निघतील. पहिल्या आठवड्यात बेंचमार्क (वेगाच्या चाचण्यांचे गुण) आणि १०० पट झूमचं कौतुक होतं. आठ महिने रोज वापरल्यावर मात्र तक्रारींची यादी काढली, तर निम्म्याहून जास्त तक्रारी एकाच ठिकाणी येऊन थांबतात: फोन तापतो.

कारण साधं आहे. चिप पूर्ण जोरात चालली की १० वॅटच्या पुढे वीज खाते, पण हाताला चटका न बसता फोनचं अंग सतत ४-५ वॅटच उष्णता बाहेर टाकू शकतं. उरलेली आत साठते आणि दोन-चार मिनिटांत फोन स्वतःच वेग उतरवतो. उन्हात ४के ६० फ्रेमचं चित्रण करताना हे सगळ्यात लवकर दिसतं: आधी पडद्याचा ब्राइटनेस पडतो, मग चित्रण अडखळतं किंवा थांबतं. चार्जर लावलेला असेल तर चार्जिंगही मंदावतं. जाहिरातीतला हजारो निट्सचा (ब्राइटनेसचं एकक) आकडा पडद्याच्या छोट्याशा तुकड्यावर मोजलेला असतो. पूर्ण पांढऱ्या पानावर, तापलेल्या फोनवर, त्याचा काही उपयोग नाही.

म्हणून पुढचा फोन निवडताना थ्रीडीमार्क या चाचणी-अ‍ॅपच्या स्ट्रेस टेस्टमधला पहिल्या फेरीचा आकडा सोडा आणि विसाव्या फेरीचा बघा. एकेक मिनिटाच्या वीस फेऱ्यांनंतर वेग निम्म्यावर येत असेल, तर ती नवी चिप फक्त पहिल्या पाच मिनिटांपुरती नवी. व्हेपर चेंबर (चिपची उष्णता पसरवणारी चपटी पोकळी) मोठा असणं चांगलंच, पण वरून जाड रबरी कव्हर घातलं की मागच्या काचेतून बाहेर जाणारी उष्णता अडते. गाडीत वायरलेस चार्जिंगवर ठेवून नकाशा चालवणं हा तर बॅटरीचा छळच. तिथे वायरनेच चार्ज करा. वायरलेस हवंच असेल तर क्यूआय२ या वायरलेस चार्जिंगच्या मानकाचं चुंबक असलेला फोन घ्या, कारण कॉइल एकमेकींवर नीट बसल्या नाहीत की वाया गेलेली वीज उष्णताच होते.

आता चार्जिंग. १०० वॅट हा आकडा सुरुवातीच्या काही मिनिटांचा असतो. ७०-८० टक्क्यांनंतर व्होल्टेज स्थिर ठेवून करंट कमी करत न्यावा लागतो, त्यामुळे शेवटचे २० टक्के सगळ्याच फोनना वेळ घेतात. खरी अडचण वेगळी आहे: हा वेग बऱ्याचदा कंपनीच्या स्वतःच्या चार्जरवरच मिळतो. लॅपटॉपचा यूएसबी पीडी (सगळ्या कंपन्यांना चालणारं चार्जिंगचं मानक) चार्जर लावला की तोच फोन कासवगतीने भरतो. लोकांना १२० वॅट नको आहेत, कुठल्याही चांगल्या पीडी-पीपीएस (व्होल्टेज बारीक पायऱ्यांनी बदलणाऱ्या पीडी) चार्जरवर ४५ वॅट मिळाले तरी पुरे. केबलही तपासा. ३ अँपिअरच्या वर करंट न्यायला ई-मार्कर चिप (केबलची क्षमता चार्जरला सांगणारी) असलेली ५ अँपिअरची केबल लागते. ती नसेल तर महागडा चार्जरही हात आखडता घेतो, आणि दोष फोनला दिला जातो.

बॅटरीच्या आयुष्याचा हिशेब कागदावर करून बघण्यासारखा आहे. रोज १०० वरून शून्यापर्यंत वापरली तर आठ महिन्यांत साधारण २४० सायकल होतात (एक सायकल म्हणजे पूर्ण १०० टक्के वापर). २० ते ८० टक्क्यांत ठेवली तर रोजची ०.६ सायकल, म्हणजे १४४. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमानुसार ८०० सायकलनंतरही किमान ८० टक्के क्षमता उरायला हवी. त्या मापाने पहिल्या सवयीत सव्वादोन वर्षं निघतात, दुसरीत साडेतीन. पिक्सेल ८ पासून गूगलने आणि गॅलॅक्सी एस२४ पासून सॅमसंगने सात वर्षांचे अपडेट कबूल केले आहेत. सात वर्षांत एकदा तरी, बहुधा दोनदा, बॅटरी बदलावी लागणारच. मग ती मागची काच तापवून, खरवडून का काढायची? आयफोन १६ मध्ये बॅटरीचा गोंद ९ व्होल्टची वीज लावली की सुटतो. हे प्रत्येक फ्लॅगशिपमध्ये असायला काही हरकत नाही.

सेटिंगमध्ये तीन गोष्टी हव्यात: सायकलची संख्या आणि उरलेली क्षमता दाखवणारं पान, ८० टक्क्यांवर थांबण्याची मर्यादा, आणि गेम खेळताना बॅटरीला बगल देऊन चार्जरची वीज थेट फोनला देणारं बायपास चार्जिंग. ८० ची मर्यादा लावली तरी अधूनमधून १०० पर्यंत भरू द्या, नाहीतर टक्केवारीचा अंदाज चुकतो आणि फोन १२ टक्के दाखवत असतानाच बंद पडतो.

सिलिकॉन-कार्बन बॅटरीबद्दल उत्साह आहे, तो योग्य आहे. नेहमीच्या बॅटरीच्या ऋण टोकात असलेलं ग्रॅफाइट ग्रॅममागे ३७२ एमएएच धरतं, सिलिकॉन तत्त्वतः त्याच्या नऊ-दहा पट. पण चार्ज होताना सिलिकॉन तिपटीपर्यंत फुगतं, म्हणून ते कार्बनच्या सांगाड्यात, थोड्या प्रमाणातच मिसळतात. शिवाय एका सेलमध्ये २० वॅट-अवरच्या वर ऊर्जा गेली की वाहतुकीचे नियम कडक होतात. ५००० एमएएच गुणिले ३.८५ व्होल्ट म्हणजे १९.२५. काही कंपन्या ५००० च्या पुढे सरकायला का कचरतात, त्याचं एक कारण या गुणाकारात आहे. दोन सेल टाकले की वाट निघते. त्यासाठी फोन एक मिलिमीटर जाड झाला तर बिघडत नाही, उलट कॅमेऱ्याचा उंचवटा कमी दिसेल. पातळपणाची स्पर्धा नेमकी कोणासाठी चालली आहे, कळत नाही.

कॅमेऱ्यात मेगापिक्सेल पुरेसे झाले. २०० मेगापिक्सेलचा सेन्सर सोळा पिक्सेल एकत्र करून १२.५ मेगापिक्सेलचाच फोटो देतो. हवा आहे तो चटकन मिटणारा शटर. घरातल्या उजेडात फोन स्वतःहून १/३० किंवा १/६० सेकंद निवडतो आणि पळणारं मूल किंवा मांजर पुसट येतं. प्रो मोडमध्ये (कॅमेऱ्याची सेटिंग हाताने ठरवायची सोय) १/२५० लावा, थोडे दाणे आले तरी चेहरा स्पष्ट राहतो. मोठ्या सेन्सरचा आणखी एक त्रास: जवळून कागदाचा फोटो घेतला की कडांची अक्षरं धूसर होतात. फोन थोडा मागे न्या आणि २ पट झूम वापरा.

झूमबद्दल एक फसगत. उजेड कमी असला की ५ पट दाबूनही बरेच फोन टेलिफोटो, म्हणजे दूरचं टिपणारा वेगळा कॅमेरा, न वापरता मुख्य कॅमेऱ्याचाच भाग कापून मोठा करतात. टेलिफोटोच्या भिंगावर बोट ठेवा. चित्र काळं झालं नाही, तर तो कॅमेरा झोपलाय. पुढच्या मॉडेलमध्ये भिंग पक्कं करायचं बटण आणि फोटोची धार (शार्पनेस) कमी-जास्त करायचा पट्टा द्या, बाकी काही नको.

पडद्याचं एकच मागणं, पण ज्यांना त्रास होतो त्यांच्यासाठी मोठं. कमी ब्राइटनेसवर ओलेड पडदा वेगाने उघडझाप करून उजेड कमी करतो. काही फोनमध्ये ही गती २४० किंवा ४८० हर्ट्झ असते आणि काहींचे डोळे दुखतात. दुसऱ्या फोनच्या प्रो मोडमध्ये शटर १/१००० च्या आसपास ठेवून पडदा बघा. जाड काळे पट्टे सरकताना दिसले, तर रात्री वाचणाऱ्याने तो फोन टाळावा. परावर्तन कमी करणारी काच घेऊन तिच्यावर साधी टेम्पर्ड ग्लास चिकटवली, तर मूळ लेप झाकला जातो आणि पैसे वाया. पडद्याखाली बोटाचा ठसा ओळखणारा अल्ट्रासोनिक सेन्सर असेल तर ग्लास लावल्यानंतर बोटं नव्याने नोंदवा, अंगठा दोनदा.

किरकोळ वाटणारं पण रोज नडणारं: पोर्टमध्ये खिशातली लव साचते आणि केबल सैल बसते. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलकेच काढा, पिन नको. पोर्ट यूएसबी २.० चा असेल तर १०० जीबी व्हिडिओ उतरवायला पाऊण तास जातो. महागड्या फोनला सेकंदाला ४८० मेगाबिट हा यूएसबी २.० चा वेग शोभत नाही. स्टोरेज १०-१५ टक्के मोकळं ठेवा, भरत आलं की लिहिण्याचा वेग उतरतो.

राहता राहिलं एआय. त्यासाठी फोन बदलायचा विचार असेल तर आधी विमान मोड लावा आणि भाषांतर, फोटोतून माणूस पुसणं, रेकॉर्डिंगचा मजकूर काढणं हे एकेक करून चालवा. जे नेटशिवाय चालतं तेवढ्यासाठीच नवी चिप लागते. बाकीचं काम सर्व्हरवर होतं, ते जुन्या फोनवर न देणं हा केवळ कंपनीचा निर्णय.