कारच्या आतील सफाईसाठी व्हॅक्यूम क्लीनर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

सोलापुरात काचा कितीही घट्ट लावल्या तरी काळ्या मातीची पिठासारखी धूळ सीटच्या शिवणींत आणि रुळांत जाऊन बसतेच. तिच्यासाठी मी आधी गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा छोटा व्हॅक्यूम क्लीनर घेतला. शेंगांची फोलपटे आणि बिस्किटांचा चुरा तो बिनतक्रार ओढत असे, परंतु मॅटच्या लवेत रुतलेली धूळ त्याला हलत नसे. त्यात त्या यंत्राचा फारसा दोष नाही. या सॉकेटला सहसा १० ते १५ अँपिअरचा फ्यूज असतो, म्हणजे त्यातून साधारण १२० ते १८० वॅटच मिळतात. मेहुण्यांचा बॅटरीवरचा क्लीनरही वापरून पाहिला. तो हाताळायला फार सोयीचा आहे, मात्र मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीत लिथियम बॅटरी ठेवणे मला धोक्याचे वाटते.

शेवटी घरच्या विजेवर चालणारा, कोरडा कचरा आणि पाणी दोन्ही ओढणारा १२०० वॅटचा क्लीनर घेतला. आठ महिन्यांच्या वापरानंतर मी ठामपणे सांगेन की, आपल्याकडच्या धुळीत वॅटच्या आकड्यापेक्षा फिल्टरकडे अधिक लक्ष द्यावे. वॅट म्हणजे यंत्र किती वीज घेते तो आकडा. फिल्टरवर धुळीचा थर बसला की हवेची वाट अडते आणि मोटर तेवढीच गरजत राहूनही ओढ निम्म्यावर येते. पहिल्या महिन्यात मॅट न झटकताच मी थेट नळी लावत असे आणि दहा मिनिटांत फिल्टर भरून जाई. आता मॅट बाहेर काढून काठीने झोडपतो, सीट पुढे-मागे सरकवून रूळ रंगकामाच्या कोरड्या ब्रशने मोकळे करतो आणि मगच अरुंद तोंडाची नळी फिरवतो. यंत्रात कागदी पिशवी बसवल्यापासून फिल्टरही बराच काळ स्वच्छ राहतो.

एकदा धुतलेला फिल्टर अर्धवट ओला असतानाच मी बसवला. त्यावर धुळीचा अक्षरशः चिखल झाला आणि गाडीत कित्येक दिवस कुबट वास राहिला. तेव्हापासून तो पूर्ण एक दिवस सावलीत वाळवतो. पावसाळ्यात मॅटवर आलेला चिखलही ओला असताना ओढू नये, कारण काळी माती नळीत चिकटून बसते. वाळला की तो सहज सुटतो. सांडलेले पाणी ओढण्यापूर्वी मात्र कागदी पिशवी आणि कोरड्या कचऱ्याचा फिल्टर काढून फोमचा फिल्टर लावणे विसरू नये.

माझी एकच तक्रार शिल्लक आहे. नळी आखूड आणि ताठ असल्यामुळे डिकीपर्यंत पोहोचताना यंत्र उचलून धरावे लागते. नवा क्लीनर घेणाऱ्यांनी दुकानातच नळीची लांबी पाहावी आणि सुटा फिल्टर व पिशव्या सोलापुरात मिळतात का, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. माझा दुसरा फिल्टर पुण्याहून मागवावा लागला.