जाळीच्या पडवीतली कोळशाची ग्रिल: नऊ महिन्यांनंतर

दापोलीजवळ आमच्या घराच्या मागीलदारी १० बाय १४ फुटांची पडवी आहे. संध्याकाळी डास बसू देत नाहीत म्हणून दिवाळीआधी तिला तिन्ही बाजूंनी जाळी मारली आणि भिंतीलगत कोळशाची ग्रिल बसवून घेतली. जाळी म्हणजे उघडंच, धूर आपोआप जाईल, असं फॅब्रिकेटर म्हणाला, मलाही पटलं. पहिल्या दिवशी बांगडे टाकले आणि दहा मिनिटांत सगळी मंडळी डोळे चोळत अंगणात.

डासांची जाळी वारा चांगलाच अडवते. त्यात तेलकट काजळी धरली की भोकं आणखी बारीक होतात. शिवाय दुपारचे खारे वारे तिन्हीसांजेला पडतात आणि मतलई, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा रात्रीचा वारा, सुरू व्हायला अजून अवकाश असतो. नेमकी तीच आमची भाजायची वेळ.

आधी भिंतीत १२ इंची एक्झॉस्ट फॅन लावला. तो धूर ओढायचा, पण आडवा, म्हणजे भाजणाऱ्याच्या तोंडावरून. काढून टाकला. मग ग्रिलवर पत्र्याचं हूड आणि ६ इंची पाइप, त्याला दोन एल्बो, म्हणजे काटकोनी वळणं. धूर हुडात शिरायचा आणि कडांवरून परत खाली यायचा. शेवटी १० इंची स्टेनलेसचा सरळ पाइप कौलांतून वर काढला. तोंडाचं क्षेत्रफळ जवळजवळ पावणेतीन पट झालं, वळणं गेली, आणि त्याच संध्याकाळी फरक दिसला. हूड ग्रिलपेक्षा चारी बाजूंनी ६ इंच मोठं हवंच. धुराड्याचं तोंड छपरातून जिथे बाहेर पडतं तिथून निदान ३ फूट वर, आणि १० फुटांच्या आतल्या छपरापेक्षा २ फूट उंच ठेवा. आमचं आधी आढ्याच्या खालीच होतं, वारा आढ्यावरून घसरला की धूर उलटा आत.

तरी हे अर्धंच काम. जेवढी हवा वर जायची तेवढी खालून आत यायला हवी, आणि हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. ओट्याखाली समोरासमोर दोन झरोके पाडले, त्यांना स्टीलची जाळी लावली. नायलॉनची नको. ठिणगी उडाली की तिला भोक पडतं, आमच्या जुन्या जाळीला सात पडली होती. दर रविवारी झरोक्यांची जाळी गरम पाण्यात सोडा घालून ब्रशने घासतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आषाढात झड आत येऊ नये म्हणून ताडपत्री सोडली होती. भाजणं संपलेलं, ग्रिलमध्ये नुसते लाल निखारे, धुराचा मागमूस नाही. आई उबेला स्टूल घेऊन बसली. अर्ध्या तासात तिचं डोकं जड झालं, मळमळायला लागलं. तिला लगेच ओसरीवर मोकळ्या हवेत नेलं, डॉक्टरांना दाखवलं, ती बरी झाली. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. कोळसा लाल झाला, धूर थांबला, म्हणजे आता धोका नाही, असं मी इतकी वर्षं धरून चालत होतो. दुसऱ्याच दिवशी या वायूचा बॅटरीवरचा अलार्म आणला. ३०० पीपीएमला (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ३०० भाग) तो तीन मिनिटांच्या आत वाजतो, ५० पीपीएमला तासाभराने. आता ताडपत्री फक्त पश्चिमेला सोडतो, पूर्वेची बाजू कधीच झाकत नाही, आणि भाजणं झालं की निखारे झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घालून अंगणात नेतो.

पावसाळ्यात धुराडं गार आणि ओलं असतं, ओढ धरत नाही. झावळीची एक चूड पेटवून हुडाखाली मिनिटभर धरली की सुरू होतं. कोळसा अंगणातच पेटवतो आणि वरून राखाडी झाला की आत आणतो, कारण सर्वांत जास्त धूर पेटतानाच होतो. करवंटीचा कोळसा कमी धुरकट, सुके बोंबील भाजायला तर उत्तम.

एक दुखणं उरलंय. पाइपाभोवती कौलांतून पाणी झिरपतं, दोनदा सिमेंट भरलं, दोनदा तडकलं. पाइप तापतो, निवतो, सिमेंट कसं टिकणार? आता पत्र्याची कॉलर बसवून घ्यायची आहे, गणपतीच्या आत.