बसलेली एस-क्लास: कंपनीत द्यावी, पुण्याच्या गॅरेजला की गावातल्या मिस्त्रीकडे?

मे महिन्यातल्या एका सकाळी माझी 2011 ची मर्सिडीज एस-क्लास पोर्चमध्ये म्हैस बसावी तशी डाव्या अंगाला बसलेली दिसली. पुढचं चाक मडगार्डच्या आत गडप. या गाडीला स्प्रिंग नाहीत, ती हवा भरलेल्या रबरी फुग्यांवर उभी राहते. वय झालं आणि जळगावचं ऊन लागलं की रबराला चिरा पडतात. फुगा गळायला लागला की हवा भरून काढायला कॉम्प्रेसर सारखा चालत राहतो आणि शेवटी तोही जळतो. म्हणजे उशीर झाला की एका खर्चाचे दोन खर्च. आणि जुन्या लक्झरी गाडीला उशीर ठरलेलाच.

2010 साली औरंगाबादकरांनी एकदम 150 मर्सिडीज घेतल्या, ती बातमी आपल्याकडेही चघळली गेली होती. त्या वयाच्या सी आणि ई-क्लास आज जवळपास नव्या वॅगनआरच्या भावात मिळतात. पार्टचे भाव मात्र मर्सिडीजचेच राहतात, हे घेताना कोणी सांगत नाही.

मी आधी कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपला गेलो. जळगावहून सर्वात जवळचं मोठं शहर म्हणजे छत्रपती संभाजीनगर, तेच आधीचं औरंगाबाद, अजिंठ्याच्या वाटेने दीडशेच्या वर किलोमीटर. बसलेली गाडी हुक लावून ओढता येत नाही, गाडी अख्खी पाठीवर चढवून नेणारा ट्रक, म्हणजे फ्लॅटबेडच लागतो. तिथलं काम पक्कं, पार्ट अस्सल, कामाची वॉरंटी. पण बंद झालेल्या मॉडेलचा पार्ट शेल्फवर नसतो. ‘बॅक ऑर्डरला आहे सर’ हे वाक्य मी चार महिने ऐकलं. तिसऱ्या महिन्यात बघायला गेलो तर गाडी मागच्या शेडमध्ये, काचेवरच्या धुळीत कोणीतरी बोटाने बदाम काढलेला, बॅटरी मेलेली. इकडे शेजारच्या आजी रोज विचारायच्या, ‘गाडी उनी (आली) का रे भाऊ?’

माझी चूक एवढीच, की जॉब कार्डवर तारीख लिहून घेतली नाही. तोंडी आश्वासनाला कुठेच किंमत नसते. लेखी तारीख आणि ईमेल हाताशी असतील तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार चालते, वर्कशॉपच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत. आयोगाच्या निकालालाही वेळ लागतो, हे वेगळं.

पुण्या-मुंबईची खासगी गॅरेजेस, जिथे फक्त जर्मन गाड्याच होतात, तिथे चित्र उलटं. चेसिस नंबर व्हॉट्सॲपवर पाठवा, ते पार्ट नंबर काढून देतात. माझा ‘ए 221 320’ ने सुरू होत होता. मग नवा अस्सल, बाहेरच्या कंपनीचा नवा, की रिकंडिशन, असे तीन भाव समोर येतात. मी बाहेरच्या कंपनीचा नवा घेतला. कंपनीच्या कोटेशनच्या निम्म्याहून कमी. रिकंडिशन मी घेणार नाही, दोन उन्हाळे तरी टिकतो का याची खात्री कोणी देत नाही. तोटा एकच: पुणं चारशे किलोमीटरच्या आसपास, आणि सहा महिन्यांनी पुन्हा कुरकुर झाली तर तेवढं अंतर पुन्हा.

गावातल्या मिस्त्रीला मात्र कमी लेखू नका. साबणाचं पाणी शिंपडून फुगा नेमका कुठे गळतोय ते माझ्या मिस्त्रीने दहा मिनिटांत दाखवलं. सर्व्हिस, ब्रेक पॅड, बॅटरी, एसी, सगळं त्याच्याकडेच. पण फुगा बसवणं त्याच्याकडे नाही. नव्या फुग्यात हवा भरण्याआधीच गाडी जॅकवरून खाली घेतली तर रबर दुमडून फाटतं आणि नवा माल तिथल्या तिथे भंगारात जातो. शिवाय नंतर स्कॅनर लावून उंचीचं कॅलिब्रेशन करावं लागतं. एकाने सुचवलं, ‘शेठ, साधी स्प्रिंग टाकून द्या.’ देता येते. मग बोलेरोच घ्यायची होती ना!

तर माझं मत: गाडी वॉरंटीत असेल किंवा अपघातात उघडणारी एअरबॅग, चावी, लॉक असलं काही असेल तर कंपनी, दुसरा विचार नको. दहा वर्षांच्या पुढच्या गाडीला खासगी गॅरेज. आणि कुठेही द्या, पण आधी पार्ट, मग गाडी. पार्ट हातात येऊन नंबर जुळवून बघितल्याशिवाय गाडी घरातून हलवायची नाही. चार महिने ती पोर्चमध्ये उभी राहिली तर निदान आठवड्याला स्टार्ट तरी मारता येते.

विकायचा विचार असेल तर नोंदणीची तारीख बघा. 15 वर्षं भरली की फिटनेस, नूतनीकरण आणि पर्यावरण कर येतो, आणि बसलेली गाडी त्या तपासणीला नेता येत नाही. गिऱ्हाईक हे सगळं आधीच ओळखून भाव पाडतं. उभी करून विका, नाहीतर लवकर विका.

माझा मागचा उजवा फुगाही आता रात्रीतून दोन बोटं खाली येतो. या वेळी पार्ट आधीच मागवलाय, सावद्याला भावाच्या केळीच्या गोदामात खोक्यात ठेवलाय. फ्लॅटबेड सोमवारी येईल.